रोज बावीस अंडी

४ सप्टेंबर

ताई,

काळजीचं काही नाही, हे आधी लिहून टाकतो. तीसच्या तीस कोंबड्या जिवंत आहेत. काल चोवीस अंडी मिळाली, परवा पंचवीस. मागच्या अंगणातली ती निसरडी फरशी, जिच्यावरून तू पडलीस आणि खुब्याचं हाड मोडून घेतलंस, ती मी उखडून टाकली आणि तिथे खडी पसरली.

आता विचारायचं ते. आज सकाळी खुराड्यात पिसं सापडली. एकदोन नव्हेत, गोळा करून मोजली तर चौतीस भरली. बहुतेक मानेची दिसतात. मास्तरीण (हे नाव तू ठेवलंस, मी नाही) सारखी मान खाजवत होती. साप शिरला असेल का? की उंदीर? शेजारच्या शिंप्यानं सांगितलं की मानमोडी आली की कोंबडीची मान वाकडी होते. तेव्हापासून मी प्रत्येकीची मान बघत बसतो आणि मला सगळ्यांच्याच वाकड्या दिसतात.

तू हसशील. पण तुझा लेक तुला इथून घेऊन जाताना माझ्यासमोर काय ठरलं ते मी विसरलेलो नाही. ऑक्टोबरअखेर तू आधाराशिवाय चालायला लागलीस आणि तोवर कोंबड्या नीट राहिल्या, तर तू परत तुझ्या घरी. नाहीतर कोंबड्या व्यापाऱ्याला, घराला कुलूप, आणि तू कायमची त्याच्याकडे. चालायचं काम तुझं, कोंबड्यांचं माझं. मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. घड्याळ बंद पडलं तरी ते मरत नाही, एवढा त्या धंद्यात धीर असतो. इथे तो नाही.

कपाटावर चिकटवलेली तुझी यादी अक्षरशः पाळतोय. पहाटे पाचला खुराड्यातला दिवा लावायचा, उजाडलं की विझवायचा. दाणे, पाणी, शिंपल्यांचा चुरा. आणखी एक छोटं काम करून ठेवलंय, ते तू आलीस की तुझं तुला दिसेल. आत्ता सांगत नाही.

दुकान बंदच आहे. गिऱ्हाइकं थांबतील. त्यांची घड्याळं तर थांबलेलीच आहेत.

धाकटा

९ सप्टेंबर

धाकट्या,

चौतीस पिसं मोजणारा माणूस जगात तू एकटाच असशील. अरे, तलंगा आहेत त्या. पहिल्या वर्षातल्या, नुकत्या अंड्यावर आलेल्या. माणसात असत्या तर दारात उभ्या राहून केस विंचरणाऱ्या पोरी. त्यांची चार पिसं इकडेतिकडे पडणारच. मानमोडी असती तर तुला माना तपासत बसावं लागलं नसतं, सकाळी दार उघडताच कळलं असतं. शिंप्याला म्हणावं, तू कॉलरपुरतं बघ.

इथून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, तरी सांगते. पाणी दिवसातून दोनदा बदल. एक दिवस भांडं कोरडं राहिलं तरी त्या रुसतात. बसायच्या दांडीच्या फटीत काडी घालून बघ, लाल किडे निघाले तर राख चोळ. दाण्यात बदल करू नकोस. कुणाचा कुत्रा शिरत नाही ना, तेवढं बघ.

माझं बरं चाललंय. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि भिंतीवरून खाली जाणारा एक पाइप. त्या पाइपाशी माझी आता चांगली ओळख झालीय. लेक संध्याकाळी आला की चपला काढायच्या आधी विचारतो, आई, आज किती चाललीस? सून चांगली आहे. जरा जास्तच चांगली आहे, पाणी पिऊन झालं की हातातला पेलाही काढून घेते. धाकट्या, मला इथे कुणी काही करू देत नाही रे. हे असं वर्षभर चाललं तर मी उशीसारखी होईन.

वॉकर धरून वीस पावलं झाली. ऑक्टोबरात मी तो भिरकावून देणार आहे. मला माझ्या घरात यायचंय, दुसरं काही नकोय.

ते छोटं काम काय आहे? रंग दिला असशील तर आत्ताच सांग. मला हिरवा चालत नाही.

ताई

१८ सप्टेंबर (हे पत्र पाठवलं नाही)

ताई,

आज नऊ. काल अकरा. आठवड्यापूर्वी वीस होती.

तू सांगितलंस ते सगळं केलं. पाणी दोनदा बदलतो, तिसऱ्यांदा उगाच बदलतो. दांडीत किडे नाहीत. कुत्रा नाही, साप नाही. पण अर्ध्या कोंबड्यांच्या माना उघड्या पडल्यात, गुलाबी कातडी दिसते आणि तिच्यावर काळे खुंट उगवलेत. पाठीचीही पिसं जायला लागली. तुरे फिके पडलेत. मला बघितलं की कोपऱ्यात जातात. आज मी खुराड्यात उभं राहून चक्क त्यांची विनवणी केली. शिंपी कुंपणावरून बघत होता, बघू दे.

तुझं घर माझ्या हातानं जातंय असं मला वाटतं. हे तुला कळलं तर तू तिथे पडल्या पडल्या झिजशील. डॉक्टरांनी तुला ताण देऊ नका म्हणून बजावलंय. मग हे मी लिहू कसं

२० सप्टेंबर

ताई,

सगळं उत्तम आहे. पिसं गळायची थांबली. रोज बावीस अंडी मिळतात. गुरुवारी बावीस, शुक्रवारी बावीस, आजही बावीस. इकडचा विचार डोक्यातून काढ आणि फक्त चालण्याकडे लक्ष दे.

रंग दिलेला नाही.

धाकटा

२६ सप्टेंबर

धाकट्या,

बावीस, बावीस आणि बावीस! कोंबड्या आहेत की तुझ्या दुकानातली घड्याळं? पण मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. लेकाला पत्र वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं आणि मग जेवायला बसला. सून गालात हसली. माझ्या बाजूची आहे ती, दाखवत नाही.

दहा महिन्यांच्या पोरी आपला शब्द पाळतायत, मग चौसष्ट वर्षांची बाई मागे राहील का? आजपासून वॉकर कोपऱ्यात. भिंतीला हात लावून खोलीच्या दारापर्यंत गेले आणि आले. पन्नास पावलं झाली असतील. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणते घाई नको. तिचं घर तिच्याकडे आहे, तिला घाई कशाला असेल!

मास्तरीण कशी आहे ते लिहिलं नाहीस. सगळ्यांत आधी मला तिची खबर पाहिजे असते.

ताई

३ ऑक्टोबर

मामा, नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे कसं लिहावं ते कळत नाही. आईंनी न कळवण्याची शपथ घातली आहे, ती मोडून लिहिते.

आई एक तारखेला न्हाणीघराच्या दारात पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्याच बाजूला मार लागला आणि सूज आली. डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नका म्हणून सांगितलंय. त्यांनी तुम्हाला पन्नास पावलं लिहिली होती ना? मामा, वॉकर धरूनही त्यांची कधी बारा-तेराच्या वर गेली नाहीत. तुमचं बावीस अंड्यांचं पत्र आलं आणि त्यांनी वॉकर सोडला. मी अडवलं तर म्हणाल्या, कोंबड्या त्यांचं काम करतायत, मला माझं करू दे. तेच पत्र उशाखाली ठेवून झोपतात.

हे खूप घाबरलेत. म्हणतात, आता ऑक्टोबरअखेरची वाट कशाला बघायची. गुरुवारी, सोळा तारखेला, व्यापारी पेट्या घेऊन तुमच्याकडे येईल. पण कोंबड्या आईंच्या आहेत म्हणून यांनी त्याला बजावलंय की आईंचा लेखी होकार मामांकडे आला असेल तरच भरायच्या. आई अजून हो म्हणालेल्या नाहीत.

एक विचारते, राग मानू नका. माझ्या माहेरी कोंबड्या होत्या. रोज ठरलेली अंडी त्यांनी कधी दिली नाहीत. बावीस हा आकडा खरा आहे का?

तुमची सूनबाई

७ ऑक्टोबर

ताई,

सूनबाईला रागावू नकोस. मला काल सगळं कळलं, आणि कालपासून मी जेवलेलो नाही. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही, खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो.

बावीस खोटं होतं. तेव्हा नऊ होती. आता पाच-सहा. निम्म्याहून जास्त कोंबड्यांनी पिसं टाकलीत. मास्तरीण तर ओळखू येत नाही, शेपूटसुद्धा गेलं. मला वाटलं होतं, आज ना उद्या त्या पुन्हा अंड्यावर येतील आणि माझं खोटं आपोआप खरं होईल. तुला धीर द्यायला गेलो आणि तुला पाडलं. तुझ्या पायाला पुन्हा काही झालं असतं तर मी काय केलं असतं, हा विचार सुरू झाला की मी उठून फेऱ्या मारतो.

माझं कुठे चुकलं ते शोधायला केलेलं सगळं इथे देतो, तू बघ. दाणे तेच, त्याच पोत्यातले. पाणी दोनदा. चुरा रोज. दिवा पाचच्या ठोक्याला, एकदाही चुकला नाही. खुराड्याची कडी बदलली, जुनी गंजली होती. फरशी काढली, पण त्या बाजूला कोंबड्या जात नाहीत. आल्या दिवशीच स्वयंपाकघरातलं घड्याळ दुरुस्त केलं. तेच ते छोटं काम. सव्वा तास पुढे होतं ताई, घड्याळजीच्या बहिणीच्या घरी! मला लाज वाटली. तेल दिलं, काटे जागेवर आणले, आता सेकंदाला पक्कं आहे. दारासमोरची फांदी तोडली. याउपर काही नाही.

व्यापारी सोळाला येणार. तू सांगशील तसं करीन.

धाकटा

११ ऑक्टोबर

घड्याळजी,

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तुला लहानपणी आईनं पन्नास वेळा सांगितलं होतं.

ते घड्याळ बिघडलेलं नव्हतं. तुझ्या भावजींनी ते मुद्दाम सव्वा तास पुढे केलं होतं. पहिली बस त्यांची असायची आणि उठायचा त्यांना भारी कंटाळा. रोज सकाळी घड्याळ बघून दचकायचे, रोज स्वतःला फसवून घ्यायचे आणि वेळेवर पोचायचे. ते गेल्यावर मी काटे मागे केले नाहीत. का केले नाहीत ते तुला सांगायची गरज नाही. त्या घरातले पाच म्हणजे जगाचे पावणेचार. यादी मी त्या घड्याळाकडे बघून लिहिली. कोंबड्यांना पावणेचारला उजेड मिळत होता, तो तू पाचवर नेलास, आणि तेही दिवस लहान होत असताना. कोंबडीला काटे वाचता येत नाहीत, तिला उजेड कळतो. उजेड आखडला की तिला वाटतं हंगाम सरला, आता अंडी पुरे, पिसं बदलायला घ्या.

एक शब्द विचारला असतास. एक शब्द. पण तुला ते घड्याळ मला भेट द्यायचं होतं. आणि मग तीन आठवडे बावीस.

आता मी भांडत नाही, माझी ताकद संपली. मीही तुला खोटीच पावलं लिहीत होते. लेकाचं बरोबर आहे. पाय चालत नाही तिनं घर मागू नये आणि अंडी देत नाही तिला दाणे घालू नयेत. गुरुवारी व्यापाऱ्याला सगळ्या दे. मास्तरीणही दे, मागे एकही ठेवू नकोस. हा माझा लेखी होकार समज. घराला कुलूप लाव आणि किल्ली इकडे पाठव.

ताई

१३ ऑक्टोबर (पोस्टकार्ड)

धाकट्या,

घरात पाकीट नाही आणि लेकाकडे मागायचं नाही, म्हणून कार्ड. सून पेटीत टाकेल. ती वाचेल, वाचू दे.

परवाचं पत्र पाळू नकोस. कोंबड्या देऊ नकोस. तार करायची तर लेकाला सांगावं लागेल, म्हणून हे वेळेवर पोचो एवढंच म्हणते.

आज व्यायामाची बाई आली. म्हणाली, पावलं मोजणं बंद करा, पायात ताकद भरतेय, तिला महिने लागतील. मी म्हटलं, मग मला मोडीत काढा. ती म्हणाली, असं कुणी कुणाला काढतं का? ती गेली आणि मला माझी लाज वाटली. तीस वर्षं मीच शेजारणींना सांगत आले की पिसं टाकलेल्या कोंबडीला सुरी लावू नका, ती रिकामी बसलेली नाही, अंगावर नवं पीस घडवतेय. आणि माझ्या पोरींवर वेळ आली तेव्हा मीच होकार लिहून बसले.

सगळा दोष तुझ्या घड्याळावर टाकला तोही खरा नाही. लवकर निघालेली पिल्लं काही वेळा पहिल्याच वर्षी पिसं टाकतात.

माझी खरी पावलं आज चार, वॉकर धरून.

दिल्या असशील तर तसं लिहू नकोस. दुसरं काहीतरी लिही, मी समजेन.

ताई

१७ ऑक्टोबर

ताई,

शेगडीची नळी बदलली. जुनीला भेग होती.

हे वाक्य लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी दुसरं काहीतरी लिहिलंय. पान फाडत नाही, वेळ जाईल. घाबरू नकोस. तीसच्या तीस इथेच आहेत. मी आत्ता पुन्हा बाहेर जाऊन बघून आलो.

काय झालं ते सांगतो. तुझं अकरा तारखेचं पाकीट मला चौदाला मिळालं. तुझं अक्षर लगेच ओळखलं. तू रागावली असणार हे मला माहीत होतं. आज उघडू, उद्या उघडू करत ते मी फळीवर डब्याला टेकवून ठेवलं. तीन दिवस त्याच्याकडे पाठ करून जेवलो. साठीला आलेल्या माणसानं हे लिहू नये, पण खोटं लिहायचं नाही असं ठरलंय.

गुरुवारी व्यापारी आला. बारा पेट्या आणल्या होत्या. त्यानं मास्तरणीला पाय धरून उलटी उचलली, पोट दाबून बघितलं आणि म्हणाला, ह्यांचं काही खरं नाही, बाईंचा होकार आला का? मी म्हटलं, तसं काही वाचलं नाही. यात खोटं एक अक्षर नाही ताई. तो पाऊण तास अंगणात बसला. चहा दिला तर घेतला. पत्र उद्या येईल म्हणाला, पेट्या इथेच ठेवून जातो. मी म्हटलं, पेट्या घेऊन जा. मी कुणाला असं कधी बोललो नव्हतो. तोही चकित झाला आणि घेऊन गेला.

तुझं कार्ड आज आलं. कार्डाला झाकण नसतं, म्हणून पोस्टमनच्या हातात असतानाच वाचून झालं. मी फाटकातच बसलो. शिंपी धावत आला, त्याला वाटलं कुणी गेलं. त्याला सगळं सांगावं लागलं. त्यानं पाणी आणून दिलं आणि मग म्हणाला, म्हणजे तुमच्या भित्रेपणानं तीस जीव वाचवले. मी पाणी प्यालो आणि कोंबड्या मोजायला गेलो.

पाकीट अजून बंद आहे. सोबत पाठवतोय. त्यात काय असेल ते आता कळलंय, पण तुझ्या शब्दांत ते मला वाचायचं नाही. तूच फाडून टाक.

शेंगपेंड आणली, पिसांना लागते म्हणून शिंप्याच्या बायकोनं सांगितलं. काळे खुंट आता फुटायला लागलेत, आतून तांबूस पीस दिसतं. त्यांना हात लावत नाही. आज अंडी तीन. कार्डावरून एवढं कळलं की माझं घड्याळ दुरुस्त करणंच नडलं; का ते कळलेलं नाही, म्हणून त्याला पुन्हा हात लावलेला नाही. ते सव्वा तास पुढे करायचं की तसंच ठेवायचं ते तुझं तू ठरव, ते भावजींचं आहे.

आणि एक केलंय. तुला न विचारता केलंय, माझी खोड तुला माहीत आहे. तुझ्या लेकाला आज वेगळं पत्र टाकलं. त्यात लिहिलं की आजची अंडी तीन आणि आईची पावलं चार, दोन्ही खरी. ठरलेल्यातलं काहीच आमच्याकडून झालेलं नाही. तरीही घराची किल्ली मी देणार नाही. दुकानातलं टेबल मी तुझ्या पुढच्या खोलीत आणून मांडलंय, खिडकीचा उजेड दुकानापेक्षा चांगला आहे, आणि मी इथेच राहणार आहे. न्हाणीघराच्या दारापासून पलंगापर्यंत भिंतीला लाकडी दांडा ठोकायला सुतार उद्या येतो. आईला चालायला लागल्यावर नको, आहे तशी गाडीत बसवून आण, मागच्या सीटवर दोन उश्या ठेव, असं त्याला लिहिलंय.

तो चिडेल. त्याचं उत्तर चार-पाच दिवसांत येईल. ते मी आल्या दिवशीच उघडीन.

धाकटा